मेहनत झाली, काम झालं नाही

सेमी-इंग्रजी हा शब्द महाराष्ट्राबाहेर फारसा कुणाला कळायचा नाही. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या गावातल्या शाळांच्या फलकांवरही तो ठळक अक्षरांत दिसतो. शाळा मराठी, इतिहास-भूगोल मराठीत, गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीत. ही सोय चांगली की वाईट यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तो पुन्हा तापला आहे. एक बाजू सांगते की विज्ञानाला मराठीत शब्दच नाहीत, मुलांचं उगाच नुकसान करू नका. दुसरी सांगते की शब्द आहेत, नसतील तिथे घडवू, संस्कृतचं भांडार आपल्या पाठीशी आहे. दोघांचा आवाज चढलेला असतो आणि दोघंही एकाच समजुतीवर उभे असतात: विज्ञानातली कल्पना शब्दात भरून ठेवलेली असते, शब्द हाती आला की कल्पनाही आली. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. निदान दहावीपर्यंत पदार्थविज्ञान मराठीत शिकवलं जावं असं माझं ठाम मत आहे, पण त्याचं कारण अस्मितेत शोधू नये. बल, कार्य, ऊर्जा या कल्पना ऐकून कळत नाहीत, त्या भांडून कळतात. आणि मूल भांडतं ते ज्या भाषेत चूक बोलायला त्याला भीती वाटत नाही, त्या भाषेत.

हे मला कळलं ते बाजार समितीच्या आवाराला लागून असलेल्या एका शाळेत. नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. त्यावर चार तास घ्यायला मला बोलावलं होतं. वर्ग सेमी-इंग्रजीचा. मी नेहमीचा प्रश्न टाकला: हमाल डोक्यावर पोतं घेऊन अर्धा तास उभा राहिला, त्याने कार्य किती केलं? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “झिरो, सर. बिकॉज डिस्प्लेसमेंट इज झिरो.” बरं, तेच पोतं घेऊन तो सपाट रस्त्यावरून गोदामापर्यंत चालत गेला तर? “झिरो, सर. बिकॉज अँगल इज नाइन्टी डिग्री.” दोन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुणांची: पुस्तकात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने सरकलेलं अंतर, आणि इथे बल वरच्या दिशेने, चाल आडवी. मग मी म्हटलं, आता हेच मला आपल्या भाषेत समजावून सांगा, समजा मला काहीच येत नाही. वर्ग गप्प झाला. बराच वेळ गप्प होता. मग शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मग माझ्या बापाला पैसे कशाचे देतात?”

मुलं हसली नाहीत, कारण वर्गातल्या चार-पाच जणांचे वडील त्याच आवारात हमाली करत होते. तो मुलगा उद्धटपणा करत नव्हता. ‘झिरो’ म्हणताना आपण नक्की काय म्हणतोय हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं होतं. त्याच्या प्रश्नाची गंमत अशी की कार्य ही कल्पना जगात जन्मली तीच मुळी ह्या प्रश्नातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कुलोम (विद्युतभाराच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला तोच) ओझी वाहणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होता: पाठीवर लाकडं घेऊन जिने चढणारा मजूर दिवसभरात किती भार किती उंच नेतो, आणि कमी दमून जास्त माल चढवायचा तर ओझं केवढं असावं. इंग्लंडात वाफेची इंजिनं विकताना जेम्स वॅटला हेच गिऱ्हाइकाला सांगावं लागत होतं, की माझं यंत्र तुमच्या किती घोड्यांचं काम करील. त्याने एका घोड्याचा दर मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा धरला, आणि शेतकरी आजही ‘पाच एचपीची मोटर’ म्हणतो तेव्हा तोच घोडा बोलत असतो. शेवटी १८२९ साली कोरिऑलिस या फ्रेंच इंजिनिअरने या राशीला नाव दिलं, आणि ते देताना ग्रीक-लॅटिनच्या पेटाऱ्यात हात घातला नाही. मजूर आपल्या राबण्याला फ्रेंचमध्ये जो शब्द वापरत, तोच ‘त्राव्हाय’ त्याने उचलला. पैसे कशाचे द्यायचे, या प्रश्नाने मोठमोठ्या इंजिनिअरांना पन्नास वर्षं सतावलं होतं. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तो दहा सेकंदांत विचारला, आणि मराठीत विचारला. इंग्रजीत तो विचारता आला नसता असं मी म्हणत नाही. त्या मुलाला तो विचारता आला नसता, एवढंच म्हणतो.

आता मराठीकडे या कल्पनेसाठी काय सामान आहे ते पाहू. पाठ्यपुस्तकाने ‘कार्य’ शब्द घेतला. मराठी घरात कार्य म्हणजे लग्न, मुंज, बारसं. ‘घरात कार्य आहे’ म्हटलं की मांडव डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीवाले या शब्दावर बोट ठेवतात ते खोटं नाही. पण त्याच मराठीत रोज उच्चारलं जाणारं एक वाक्य आहे: “दिवसभर नुसती मेहनत झाली, काम काहीच झालं नाही.” तलाठी कार्यालयातून हात हलवत परतलेला माणूस हेच म्हणतो, पाऊस न पडल्याने पेरणी वाया गेलेला शेतकरीही हेच म्हणतो. कष्ट, श्रम, मेहनत, राबणं, खपणं, दमणं हे एका बाजूला. काम होणं दुसऱ्या बाजूला. इंग्रजीतल्या ‘वर्क’ या एका शब्दात राबणंही येतं आणि झालेलं कामही येतं, त्यामुळे तिथल्या शिक्षकाला ही दोन्ही आधी सोडवून दाखवावी लागतात. आपल्याकडे ती बोलण्यात आधीच वेगळी आहेत. मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि विचारलं: पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसाची मेहनत झाली का? झाली. मग पोत्याचं काय झालं? ते होतं तिथेच आहे. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे मेहनत झाली, काम नाही झालं.” व्याख्या अजून आली नव्हती, पण ती जिथे बसणार ती जागा तयार झाली होती.

मेहनत मग गेली कुठे? हा पुढचा प्रश्नही मुलांनीच काढला. टेबलावर पोतं ठेवलं तर टेबल दमत नाही, माणूस का दमतो? कारण स्नायू टेबलासारखा नुसता टेकू देत नाही. त्याच्यातले तंतू एकमेकांना पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात, आणि प्रत्येक पकडीला अन्नातून आलेली थोडी ऊर्जा खर्ची पडते. पोतं इंचभरही वर गेलं नाही तरी हा खर्च चालूच असतो. ती ऊर्जा पोत्याला मिळत नाही, उष्णता होऊन अंगातून बाहेर पडते. घाम त्याचीच खूण. म्हणून ‘हमालाने काहीच केलं नाही’ हे पदार्थविज्ञानाचं म्हणणं नाहीच. त्याचं म्हणणं एवढंच की हमालाकडून पोत्याकडे ऊर्जा गेली नाही. पन्नास किलोचं तेच पोतं त्याने जमिनीवरून उचलून दोन मीटर उंच थप्पीवर चढवलं, तर मात्र ९८० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) गेली. मराठीत ‘केलं’ आणि ‘झालं’ यांत जो फरक आहे तो इथे फार उपयोगी पडतो. ‘हमालाने कार्य केलं नाही’ हे वाक्य माणसावर आरोप केल्यासारखं वाटतं. ‘पोत्यावर कार्य झालं नाही’ यात गणित तेच राहतं आणि माणसाचा अपमान टळतो. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी एवढा एक बदल केला तरी बाजार समितीजवळच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांवर उपकार होतील.

वाचकांपैकी कुणी सावध असेल तर इथे मला अडवेल, आणि त्या दिवशी त्या मुलाने अडवलंच. तो म्हणाला, “उभं राहिल्यावर काम झालं नाही हे पटलं. पण गोदामापर्यंत नेलं तेव्हा तर झालं ना? माल पोचला!” त्याचं बरोबर होतं. व्यापाऱ्याच्या दृष्टीने काम झालं, पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने झालं नाही, आणि माझं लाडकं वाक्य इथे फसलं. बोलीतला शब्द मुलाला उंबऱ्यापर्यंत आणून सोडतो, आत तो नेत नाही. मग आम्ही हातगाड्याची गोष्ट काढली. तेच पोतं गाड्यावर ठेवलं तर ढकलायला किती कमी जोर लागतो? चाकांना वंगण घातलं तर? रस्ता काचेसारखा गुळगुळीत केला तर? शेवटी जोर जवळजवळ लागेनासाच होतो. म्हणजे सपाट जागेवरून माल इथून तिथे जाण्याची निसर्गात किंमत शून्य आहे. किंमत पडते ती घर्षणाची, चढाची आणि आपल्या देहाच्या बांधणीची. पोत्याकडे आवारात जेवढी ऊर्जा होती तेवढीच गोदामातही आहे. मजुरी पदार्थविज्ञान ठरवत नाही. ती माणसांच्या व्यवहारात आणि लढ्यात ठरते. महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला तो ज्यूल मोजून झालेला नाही. हा सगळा वाद पस्तीस-चाळीस मिनिटं चालला. पाच-सहा मुलं चुकीचं बोलली, दोघांनी एकमेकांना खोडून काढलं, एकाने मलाही. मी वर्गाकडे बघत होतो आणि मनात एकच विचार होता, की मघाच्या त्या सुरातल्या ‘झिरो’मध्ये यातलं काहीही नव्हतं.

मराठीत शब्द गोंधळाचे आहेत, बल-शक्ती-ऊर्जा यांत लोक घोटाळा करतात, म्हणून इंग्रजी बरी, हा युक्तिवाद ज्यांना पटतो त्यांनी युरोपचा इतिहास एकदा नजरेखालून घालावा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं म्हणणं होतं की गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग. १६८६ साली जर्मन गणिती लायब्निट्स म्हणाला, नाही, वेगाचा वर्ग घ्या. यावर जी जुंपली ती पन्नासहून अधिक वर्षं चालली. हॉलंडमध्ये स’ग्राव्हेसांदने पितळी गोळे मऊ मातीत टाकून दाखवलं की वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट खोल पडतो. एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या फ्रेंच पुस्तकात लायब्निट्सची बाजू घेऊन भल्याभल्यांना अंगावर घेतलं. पुढे कळलं की दोघांच्याही हातात खरं माप होतं, फक्त वेगवेगळ्या गोष्टींचं: बल किती वेळ लागलं याचा हिशेब एक राशी सांगते, किती अंतरभर लागलं याचा दुसरी. दोघं मात्र एकाच शब्दावरून भांडत होते. आणि एवढं होऊनही १८४७ मध्ये हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा (ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते यावरचा) आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा ऊर्जेला त्याने जर्मनमध्ये ‘क्राफ्ट’, म्हणजे बल, म्हटलं. फॅरेडेसारख्या माणसाने १८५७ मध्ये व्याख्यान दिलं तेही ‘बलाच्या अक्षय्यते’वर, आणि ते इंग्रजीत. थॉमस यंगने ‘एनर्जी’ हा शब्द १८०७ मध्येच सुचवला होता, तरी पन्नास वर्षं तो अंगवळणी पडला नाही. मग घोटाळा मराठीचा कसा म्हणायचा? तो कल्पनेचा आहे. ती अवघड आहे, आणि जगातली कुठलीच भाषा बोलणाऱ्याला ती फुकट मिळालेली नाही.

यातला मला सर्वांत आवडतो तो रॉबर्ट मायर. हा डॉक्टर. १८४० मध्ये जहाजावरून जावाला गेला असता त्याच्या लक्षात आलं की उष्ण प्रदेशात खलाशांचं शिरेतलं रक्त जास्त लाल दिसतं. म्हणजे रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो, अंग गरम राखायला शरीर कमी इंधन जाळतं. तिथून विचार करत करत तो ऊर्जेच्या अक्षय्यतेपर्यंत पोचला. पण १८४१ मध्ये त्याने लिहिलेला पहिला लेख छापला गेला नाही, आणि त्यात चूकही होती: ऊर्जेच्या जागी त्याने वस्तुमान गुणिले वेगच धरलं होतं, देकार्तसारखं. जाणकारांशी बोलून, त्यांचे आक्षेप ऐकून त्याने ते दुरुस्त केलं आणि १८४२ मध्ये त्याचा सुधारलेला लेख प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेत चुकणं, कुणीतरी ती चूक दाखवणं, आणि पुन्हा उभं राहणं. एवढ्या मोठ्या शोधालाही जी सवलत लागली ती आपण चौदा वर्षांच्या मुलाला नाकारतो, कारण परक्या भाषेत तो चुकतच नाही. तो पाठ करतो.

आता इंग्रजीच्या बाजूचं बळ मान्य करतो, आणि मनापासून करतो. अकरावीपासून पुढे विज्ञान इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून दहावीला उत्तम गुण मिळवलेली मुलं अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गात मान खाली घालून बसलेली मी पाहिली आहेत. ‘संवेग’ (वस्तुमान गुणिले वेग) माहीत असूनही ‘मोमेंटम’ ऐकल्यावर त्यांना वाटतं की हे काही नवंच आहे. दुसरं, मराठीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत असतात, हे गावातल्या पालकाला दिसत असतं. इंग्रजी ही वरच्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलेली शिडी आहे असं त्याला वाटलं तर त्याला दोष कसा देणार? सावित्रीबाई फुल्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कवितेतून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो याच जाणिवेतून. त्यामुळे जो मराठीवादी इंग्रजीच नको म्हणतो त्याच्याशी माझं जुळत नाही. इंग्रजी उत्तम आली पाहिजे, पहिलीपासून चांगल्या शिक्षकाकडून आली पाहिजे.

पण सेमी-इंग्रजीच्या वर्गात प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. शिक्षक इंग्रजी पुस्तकातलं वाक्य वाचतात आणि मग, “म्हणजे बघा मुलांनो,” म्हणून ते मराठीत समजावतात. त्यांचा दोष नाही. ते स्वतः मराठीतच शिकले आणि समजावणं त्या भाषेतच जमतं. मुलं मराठीत ऐकतात. परीक्षेत मात्र लिहायचं इंग्रजीत. म्हणजे शिकवताना शिक्षकाला मराठी चालते, उत्तर देताना मुलाला ती चालत नाही. समजलेली गोष्ट मांडायला त्याच्याजवळ भाषा नसते म्हणून तो न समजलेली, पण तयार वाक्यं लिहितो, आणि गुण त्यालाच मिळतात. याला इंग्रजीचं शिक्षण म्हणता येत नाही आणि विज्ञानाचंही. ज्या गरीब पालकाच्या नावाने ही सोय केली, त्याच्या मुलाच्या हातात शेवटी शिडीचं चित्र पडतं.

गॅलिलिओचा शेवटचा मोठा ग्रंथ १६३८ मध्ये लायडनला छापला गेला. त्यात तीन माणसं गप्पा मारतात: शंका काढतात, दाखले देतात, अडतात, एकमेकांना थांबवतात. गतीच्या भागात मधूनमधून एक औपचारिक प्रबंध वाचला जातो, व्याख्या आणि प्रमेयं असलेला. तो प्रबंध लॅटिनमध्ये आहे आणि गप्पा इटालियनमध्ये. त्या काळचं विद्यापीठाचं सगळं शिक्षण लॅटिनमध्ये होतं, आणि गॅलिलिओला लॅटिन उत्तम येत होतं. तरी प्रमेय घासूनपुसून पाहायची वेळ आली की त्याची माणसं घरच्या भाषेत येतात. दोन भाषांची वाटणी करायची तर ती अशी करावी. सूत्रं, एककं, चिन्हं, संज्ञा इंग्रजीत असू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. विवेचन, शंका, चूक, खंडन हे मुलाच्या भाषेत. पहिल्या दिवसापासून फळ्यावर ‘संवेग’ आणि ‘मोमेंटम’ शेजारी शेजारी लिहिले, तर अकरावीत मान खाली घालायची वेळ येणार नाही. दोन नावांची एक वस्तू ओळखणं मुलाला जड जात नाही. त्याच्या घरात मामी ही कुणाची तरी आत्याही असते. जड जातं ते नाव असून वस्तू नसणं.

मराठीच्या बाजूलाही मला काही सांगायचं आहे, कारण तिथेही शब्द घडवला की झालं अशी घाई असते. डिस्प्लेसमेंटला आपण ‘विस्थापन’ म्हणतो. धरणाखाली गाव गेलेल्या घरातल्या मुलाला विस्थापन म्हणजे काय ते पुस्तकाने सांगायला नको, पण त्याला जे माहीत आहे त्यात बाण काढलेली सरळ रेघ नाही. शिक्षकाने तो अर्थ आधी बाहेर काढून, मग बाजूला ठेवला तर चालेल. तो नाहीच असं समजून पुढे गेला तर मूल मागेच राहील. ‘ऊर्जा’ हा शब्द तर रोज इतक्या ठिकाणी उधळला जातो, की वास्तूतली ऊर्जा, दगडातली ऊर्जा, माणसाभोवतीची ऊर्जा, यातलं काहीच ज्यूलमध्ये मोजता येत नाही हे सांगायलाच एक तास जातो. शब्द आपला आहे म्हणून अर्थ शाबूत राहतो असं नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आऱ्यांमध्ये पारा भरलेलं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णिलं. ते अभिमानाने सांगितलं जातं. ते फिरत राहणार नाही, आणि का नाही, हे फारसं सांगितलं जात नाही. खरं तर त्या चाकावर मराठीत एक सुंदर तास घेता येईल. पारा एका बाजूला लांब सरकतो म्हणून तिकडे ओढ जास्त. मग चाक का थांबतं? दुसऱ्या बाजूला पारा जवळ असला तरी तिथे भरलेले आरे अधिक असतात. पूर्ण फेरी झाली की पारा होता त्याच उंचीवर येतो, मिळकत शून्य, घर्षणाचा खर्च मात्र रोख. एवढा थोर गणिती जिथे चकला तिथे आपण चकलो तर लाज नाही, हेही मुलाला कळेल. पूर्वजांची चूक वर्गात उलगडून दाखवणं हा मला त्यांचा मोठा सन्मान वाटतो.

कुणी विचारेल, एवढं काय अडलंय त्या कार्य-शक्ती-ऊर्जेवाचून? अडलंय. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी एचपीवर होते. एचपी म्हणजे शक्ती, काम होण्याचा वेग; वीज जळते ती युनिटमध्ये, आणि युनिट म्हणजे ऊर्जा. पाच एचपीचा पंप सुमारे ३.७ किलोवॉटचा, तो आठ तास चालला तर तीसेक युनिट, दोन तास चालला तर साडेसात. एचपीवर आकारणी केली की आठ तास उपसणाऱ्याला आणि दोन तास उपसणाऱ्याला बिल सारखंच. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे. ते योग्य की अयोग्य यावर गावात कडाक्याचे वाद होतात, आणि त्यांत क्षमता आणि वापर यांची गल्लत पानोपानी दिसते. कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट, हे आपण अभिमानाने सांगतो. पण वर्षाला वीज किती मिळणार हे क्षमता सांगत नाही. किती पाणी किती उंचीवरून सोडायला मिळतं, त्यावर ते ठरतं. मेगावॉट आणि युनिट यांतला फरक ज्याला नववीत भांडून कळला नाही, तो पुढे वर्तमानपत्रात लिहितो, ग्रामसभेत बोलतो, विधानसभेतही जातो.

आणि एक हिशेब मला या मुलांना नेहमी करायला लावावासा वाटतो. जुनी मोट आठवा: दीडशे लिटर पाणी, दहा मीटर खोल विहीर. पाणी वर काढायला सुमारे १४,७०० ज्यूल. मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, विहिरीकडून बाहेर उतरती ठेवत, म्हणजे नाडा ओढताना बैलांचं स्वतःचं वजनही उपयोगी पडे. ज्याने ती पहिली बांधली त्याला स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली ऊर्जा) हा शब्द ठाऊक नव्हता. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे २४५ मोटा. पंपात आणि पाइपात निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया गेली असं धरलं तरी शंभराच्या आसपास. बैलाच्या किती येरझाऱ्या, मोट हाकणाऱ्याचे किती तास, ते आजोबांना विचारून या, असं मी सांगतो. मुलं विचारून येतात. आजोबांकडे त्याचं उत्तर असतं, आणि ते मराठीत असतं.

शासनाने काय करावं याची माझी यादी लांब नाही. उत्तरपत्रिकेत संज्ञा इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत लिहिलेलं चालावं, त्याला पूर्ण गुण मिळावेत. दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांत दोन्ही संज्ञा शेजारी छापाव्यात. आणि प्रत्येक धड्याला एक तरी असा प्रश्न असावा ज्याचं उत्तर पाठ करता येत नाही. पैसा फारसा लागत नाही यात.

त्या शाळेतल्या चौथ्या तासाला मी बाजार समितीतून एक हातगाडा मागून आणला होता. दोन मुलं त्याच्यावर बसली, दोघांनी ढकलला, वंगण घातलेला असल्याने तो सहज धावला आणि शाळेच्या फाटकाजवळच्या उतारावर लागला. चौघांनी धावत जाऊन, टाचा रुतवून तो अडवला. सगळे दमले होते, घामाघूम. मेहनत-काम हे वाक्य पहिल्या दिवशी जिने पुरं केलं होतं ती मुलगी गाड्याची दांडी सोडायला तयार नव्हती. म्हणाली, “सर, आम्ही गाड्याला काही दिलं नाही, उलट त्याचं काढून घेतलं. मग दमलो आम्ही का? आणि त्याच्याकडचं गेलं कुठे?” घंटा झाली होती. कुणी जागचं हललं नाही, आणि गाडा पुन्हा उताराच्या वर न्यायला मुलं वाकली.